चारही बाजू मोकळ्या

डबा तीनदा वाजवायचा, थांबायचं, मग पुन्हा तीनदा. त्या सकाळी माझं काम इतकंच होतं.

मी तरटाच्या आडोशामागे एका पाटावर बसले होते. मांडीवर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, हातात लाकडी उलथनं, उजव्या बाजूला राळ्याच्या दाण्यांची पिशवी आणि पायाशी बांबूची झाकणाची पाटी. तरटाला मी डोळ्याच्या उंचीवर एक भोक पाडून घेतलं होतं. त्यातून चाळीस पावलांवर घडीच्या खुर्चीत बसलेले आबासाहेब जाचक पाठमोरे दिसत होते. पांढरी टोपी, खाकी कोट, गुडघ्यांवर दुनळी बंदूक. त्यांच्या डाव्या हाताला त्यांचा नातू अभय आणि आमचे मालक रणधीरदादा भोईटे उभे होते. समोर शंभर पावलांवर हिवराचं झुडूप होतं, झुडपामागे चर, आणि चरात गुलाबनाना पाच लावा पाखरांचा खोका घेऊन बसले होते. नाना मात्र मला दिसत नव्हते. दिसू नयेत अशीच मांडणी होती.

रणधीरदादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. ही खूण.

मी डबा वाजवला.

माणमधल्या त्या माळावर दादांचा कोंबड्यांचा आणि जपानी लाव्यांचा फार्म होता. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी तिथं उबवणीच्या कामाला लागले. ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. लावे हॉटेलांना जात. अठरा दिवसांत अंड्यातून पिल्लू, सहा आठवड्यांत ताटात. त्यात दादांच्या डोक्यात शिकार-सहलीची कल्पना आली. रानातलं काही मारायला बंदी आहे, पण फार्मवर वाढवलेलं पाखरू म्हणजे कोंबडीच, असं त्यांच्या वकिलाचं म्हणणं होतं. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांनी रविवारी सकाळी यायचं, शिकार करायची आणि मटणभाकरी खाऊन परत जायचं.

पहिल्या सहलीत खोका उघडला, तर लावे बाहेर येऊन तिथंच माती उकरू लागले. एका पाहुण्यानं त्यांना बुटानं ढोसलं. दुसऱ्यानं चार हातांवरून बार टाकला. त्यानंतर त्या पाखराचं जे उरलं ते मीच कागदात गोळा केलं.

"मॅडम, तुमची पाखरं पेन्शनर आहेत," दादा मला संध्याकाळी म्हणाले. "जिथं बसवलं तिथं बसली."

"पिंजऱ्याची उंची नऊ इंच आहे, दादा. ती उडणार कुठं?"

"मग उडवा की. तुम्ही सायन्सच्या ना?"

तो प्रश्न मला आवडला. मी साठ फूट लांब, सात फूट उंच जाळीचा बोगदा करून घेतला. चौथ्या आठवड्यापासून पाखरं एका टोकाला सोडायची आणि दुसऱ्या टोकाला राळे टाकायचे. टाकण्याआधी डबा तीनदा वाजवायचा. कोण उडलं, किती फूट, जमिनीपासून किती उंच, हे मी रोज वहीत लिहायचे. जी चालत आली त्यांना वेगळं काढायचं. आठव्या आठवड्यात शंभरातली अडतीस पाखरं जाळीबाहेरही, शंभर पावलांवरून, डब्याच्या आवाजाकडे सरळ रेषेत उडत आली. माणसाच्या डोक्यावरून हातभर उंच. मी एकटीच होते, तरी मी टाळ्या वाजवल्या.

एकटी नव्हते. बोगद्याच्या कडेला गुलाबनाना बिडी विझवून उकिडवे बसले होते. नाना फासेपारधी समाजातले, वय साठीच्या पुढं, आमच्या फार्मचे राखणदार. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी जन्मभर फास लावून तित्तर धरले होते.

"पाखरं तुमास्नी वळखत्यात, ताई," ते म्हणाले.

"खरंच?"

"मग? बिनवळखीचं असं येईल व्हय डोस्क्यावर?" त्यांनी विझलेली बिडी खिशात ठेवली. "आमच्या घरात बोलवणारा तित्तर असायचा. पिंजऱ्यात. त्यो वरडला की रानातली येत्यात भांडायला, आन् फासात. पर त्यो म्हातारा झाला, आंधळा झाला, तरी बापानं कापला न्हाई. मेल्यावर पुरला."

"का?"

"त्याला आमचा आवाज ठाव हुता."

"पण नाना, रानातल्या तित्तरांना तो फसवायचाच ना?"

"फसवायचा की," नाना हसले. "त्यांची आन् आमची कुठं वळख हुती?"

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. शेवटी तारीख टाकली.

त्या रविवारी सकाळी गाडीतून आधी अभय उतरला. पुण्यात नोकरी करणारा, माझ्याच वयाचा. त्यानं मला बाजूला घेतलं.

"मॅडम, आबांना एक्याऐंशी पूर्ण झाली काल. आजी गेल्यापासून घरात बोलत नाहीत कुणाशी. दर रविवारी तेवढी बंदूक काढून पुसतात. पन्नास वर्षं बार काढला नाहीये त्यांनी."

"दिसतं का त्यांना?"

"डावा डोळा गेलाच आहे. हात थरथरतो. मी सहा महिने मागं लागलो होतो, तेव्हा तयार झाले. पिंजऱ्यातलं मारायला येणार नाही म्हणाले. मग मी सांगितलं, लहानपणापासून मोकळ्यावर सोडलेली आहेत म्हणून. विचारलं त्यांनी तर तुम्ही जरा सांभाळून घ्याल?"

"घेईन."

"एकच पाखरू पडू दे. एक पडलं तरी बास झालं."

मी आत जाऊन चांगली उडणारी पाच निवडली. अडतीसपैकी सत्तावीस आधीच्या रविवारी संपली होती, अकरा उरली होती. त्यांतला एक नर सगळ्यांत सरळ उडायचा. त्याच्या डाव्या पंखात एक पीस पूर्ण पांढरं होतं. खोक्यात त्याला मी सगळ्यांत पुढं ठेवलं.

डबा वाजला तसा गवतातून आधी तोच निघाला. फर्रर्र आवाज झाला. आबासाहेब खुर्चीतून उठले. मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर उठले. बंदूक खांद्याला लागली, नळी पाखराबरोबर वर चढली आणि तिथंच थांबली. बार झाला नाही. पांढऱ्या पिसाचा नर त्यांच्या टोपीवरून पार झाला. आबासाहेबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि दोन बोटं कपाळाला लावली.

"आबा! मारलं का नाही?" अभय ओरडला.

"पहिलं पाखरू सोडायचं असतं."

तोवर दुसरं आलं. बार झाला, चुकला. तिसऱ्याला दुसरी नळी. पाखरू हवेत गोळा झालं आणि खुर्चीपासून दहा पावलांवर पडलं. अभयनं शीळ घातली. उरलेली दोन आबासाहेब काडतुसं भरेपर्यंत निघून गेली.

निघून गेली म्हणजे माझ्याकडे आली. डोक्यावरून गेलेल्या पाखराला वळून मागून मारायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता. पाहुण्यांना तो फार आवडे. जुन्या शिकाऱ्यांची रीत म्हणून ते एकमेकांना सांगत. खरं म्हणजे मागं मी बसलेली असे. चारही लावे तरटाला वळसा घालून माझ्या पायाशी उतरले. मी राळे टाकले. खाणं झाल्याशिवाय धरायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी ती येत नाहीत, हे मी वहीत अधोरेखित केलं होतं. त्यांचं खाणं झाल्यावर मी एकेकाला उचलून पाटीत ठेवलं. पांढऱ्या पिसाचा आपणहून पाटीत शिरला.

मग चहा झाला. मी डबा तरटाखाली सरकवून मांडवात गेले. आबासाहेबांच्या खुर्चीपाशी तो मेलेला लावा रुमालावर ठेवला होता. आणि ते बोलत होते. अभय त्यांच्याकडे बघत उभा होता. त्याच्या हातातला चहा निवला होता.

"तुझ्या आजीला आवडायचं नाही," आबासाहेब त्याला सांगत होते. "पाखरू आणलं की चूल परसात मांडायची. पण रांधायची अशी की... काय सांगू." मग त्यांनी मला पाहिलं. "या पोरीनं वाढवली का पाखरं?"

"हो, आबासाहेब."

"कुठली तू?"

"चिपळूणची."

"कोकणातली पोर माझ्या माळावर लावे उडवतेय. बस." मी बसले. त्यांनी कप खाली ठेवला. "एक विचारतो. ही रानातली नाहीत, ते दिसतंय मला. रानातला लावा नाकासमोर जात नाही, वळतो. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. आता रानात उरलंय काय? पण पाखराला वाट असते ना? कोंडून, एकीकडूनच पळायला लावत नाही ना?"

रणधीरदादा माझ्याकडे बघत होते. अभयही.

"नाही," मी म्हणाले. "चारही बाजू मोकळ्या असतात. जाळी नाही, दोरी नाही, काही नाही."

"मग ठीक. वाट असली की आमची बरोबरी." त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "चला, दुसरा हाका."

मी परत जाताना दादा माझ्याबरोबर चार पावलं चालले. "मॅडम, काय बोललात! वकील व्हायला पाहिजे होतं तुम्ही."

"मी खोटं बोलले नाही, दादा."

"तेच तर म्हणतोय."

दुसऱ्या हाक्यात नवी पाच सोडली. आबासाहेबांनी पुन्हा पहिलं सोडलं, पुन्हा बोटं कपाळाला लावली, आणि पुढच्या चारांतली दोन पाडली. दुसरं तर फार सुंदर पाडलं. पाखरू जवळजवळ डोक्यावर आलं होतं, ते मागं रेलले, खुर्चीला पाठ लागली आणि बार झाला. अभयनं त्यांना मिठी मारली. "आबा, डावा डोळा गेला म्हणता, आणि हे काय?" आबासाहेबांनी टोपी काढून घाम पुसला. इतक्या लांबून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पण खांदे सरळ झाले होते.

तीन पाखरं माझ्याकडे आली.

आता अकरातली आठ उरली होती. न वापरलेलं फक्त एक. दादा बांधाआडून माझ्यापर्यंत आले.

"आणखी दोन हाके करू. पाखरं नानाकडे देतो."

"यांतली पुन्हा सोडायची?"

"मग काय नवीन अंडी उबवू आता? म्हातारा रंगात आलाय."

"पांढऱ्या पिसाचा ठेवते मी मागं."

"का? तोच तर चांगला उडतो. तोच नसला तर बाकीची रेंगाळतात, तुमच्याच वहीत आहे."

ते माझ्याच वहीत होतं. मी पाच मोजून दिली.

टोपी निघाली, टोपी बसली. मी डबा वाजवला.

पुन्हा आधी तोच निघाला. सरळ, हातभर उंच, नेहमीच्या रेषेत. ऊन आता वर आलं होतं आणि पांढरं पीस लांबूनही चमकत होतं. आबासाहेब उठले, बंदूक वर गेली. नळी त्याच्याबरोबर थोडी सरकली, मग थांबली, मग हळूहळू खाली आली, ती पुरती जमिनीकडे. त्यांची मान मात्र पाखराबरोबर वळत राहिली, वळत वळत माझ्याकडे झाली. पाखरू त्यांच्या नजरेसमोर तरटामागं उतरलं. बाकीची चार त्यांच्या डोक्यावरून गेली. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"आबा, भरलेली आहे ना?"

"आहे. पाय जरा मोकळे करतो." त्यांनी बंदूक उघडून काडतुसं काढली, ती नातवाच्या हातात दिली आणि चालू लागले.

"तिकडं नको, आबासाहेब," दादा घाईनं म्हणाले. "कुसळं आहेत, काटे आहेत."

"कुसळं बघत जन्म गेला, रणधीर. तुम्ही थांबा."

मला उठता आलं असतं. पाखरं पाटीत घालून झाकण लावता आलं असतं. पण पाचही माझ्या पायाशी खात होती, आणि खाणं होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही ही सवय मलाही लागली होती. तरटाच्या कडेनं आबासाहेब आत आले. त्यांनी डबा पाहिला, उलथनं पाहिलं, राळे पाहिले, पाटीतली राहिलेली तीन पाहिली. पांढऱ्या पिसाचा माझ्या चपलेवर चढून अंगठ्याजवळचा दाणा टिपत होता.

ते धापा टाकत होते.

"वाजव बघू," ते म्हणाले.

मी तीनदा वाजवला. पाचही माना वर झाल्या. पाचही पाखरं आणखी जवळ आली.

आबासाहेब एक हात माझ्या खांद्यावर टेकून खाली बसले. वेळ लागला त्यांना. पिशवीतून त्यांनी चिमूटभर राळे घेतले आणि तळहात पुढं केला. बोटांमधून दाणे सांडत होते. पांढऱ्या पिसाचा त्या हातावर चढला आणि खाऊ लागला.

"याला मी सोडला होता."

"हो."

"तू पाहिलंस?"

"भोकातून दिसतं."

"आणि तू म्हणालीस, चारही बाजू मोकळ्या."

"मोकळ्याच आहेत," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "आहेत खऱ्या. मी विचारलं तेच चुकीचं विचारलं." हातावरचे दाणे संपले तरी त्यांनी हात मागं घेतला नाही. "अभयला ठाऊक आहे हे?"

"डब्याचं नाही. पाखरं फार्मवरची आहेत, एवढंच."

"मग राहू दे. सहा महिने माझ्यामागं होतं ते पोरगं." त्यांनी पाखराच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. "तीन मारली मी. तीनच ना?"

"तीन."

"तीही इथंच यायला निघाली असतील."

ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

"एक हाका अजून करायला लावतील मला. त्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. त्या वेळी डबा वाजवू नकोस."

"दादा खूण करतील."

"करू देत."

"आबासाहेब, ती उडणार नाहीत मग."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले आणि आले तसे तरटाच्या कडेनं परत गेले. अभयचा आवाज आला, "काय होतं हो तिकडं?" आणि त्यांचा, "काही नाही रे. पोर बसली होती सावलीला."

चौथ्या हाक्याला नानांकडे पाच पाखरं पोचली, पांढऱ्या पिसाचा धरून. आबासाहेब खुर्चीत बसले, अभयनं काडतुसं दिली, त्यांनी ती भरली. दादांनी टोपी काढली, घातली.

माझ्या मांडीवर डबा होता. उलथनं मी पाटाखाली ठेवलं होतं.

दादांनी पुन्हा टोपी काढली. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा काढली आणि हातातच धरून तरटाकडे रोखून बघत राहिले. पत्र्यावर नुसतं नख लागलं असतं तरी पाखरं निघाली असती, म्हणून मी डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्या महिन्यात दादा मला सगळा उबवणी विभाग देणार होते, तसं त्यांनी त्याच आठवड्यात बोलून दाखवलं होतं. ते मला आठवलं. ते आठवूनही मी हात सोडले नाहीत, असं लिहायला बरं वाटतं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला हात हलवताच येत नव्हते.

झुडपाखालचं गवत हललं. एकामागून एक पाच लावे चालत बाहेर आले. उघड्या जमिनीवर थांबून माना वर करून ऐकत, थोडं टिपत, पुन्हा चालत. त्यांना मी कुठं असते ते माहीत होतं. वाट आबासाहेबांच्या खुर्चीवरूनच जात होती. पांढऱ्या पिसाचा पुढं होता. तो चालत चालत त्यांच्या बुटापाशी आला आणि बुटाची नाडी ओढून पाहू लागला.

"आबा," अभयचा दबका आवाज वाऱ्यावर आला, "अहो, इतकं जवळ... घ्या ना."

"बसलेलं पाखरू मी कधी मारलंय?" आबासाहेब मोठ्यानं म्हणाले. त्यांनी बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढून कोटाच्या खिशात टाकली. "चला. भूक लागली."

अभय हसत सुटला. "बघा दादा, एक्याऐंशीतही नियम सोडणार नाहीत!"

दादाही हसले. त्यांना हसावंच लागलं.

जेवताना आबासाहेब दोन भाकरी जेवले. निघताना गाडीच्या काचेतून दादांना म्हणाले, "उरलेली सोडून द्या. माझ्या वाढदिवसाची म्हणून." दादा म्हणाले, "तुम्ही सांगितलं आणि झालं, आबासाहेब." माझ्याकडे पाहून आबासाहेबांनी हात जोडले. मी जोडले की नाही ते आठवत नाही.

गाडी वळणापार गेल्यावर दादा म्हणाले, "हात आखडला होता का, मॅडम?"

"हो."

"पुढच्या रविवारी सातारचे लोक आहेत. आखडू देऊ नका."

तरी शब्द दिला म्हणून पाखरं सोडायला त्यांची हरकत नव्हती. नाना आणि मी आठही लावे पाटीत घालून नाल्यापलीकडे नेले. तिथं कमरेएवढं गवत होतं. मी झाकण काढलं. ती बाहेर आली आणि आमच्याभोवती उभी राहिली. नानांनी टाळ्या वाजवल्या, हो हो करून हात हलवले. ती चार हात सरकली.

"चला, ताई. मागं बघू नगा."

आम्ही आलो. उबवणीखोलीची कामं उरकून मी दिवेलागणीला पायरीवर बसले. हातात डबा नव्हता. नाल्याकडच्या पायवाटेवर काहीतरी हललं. दोन लावे चालत येत होते. मग तीन. मग एक. मग आणखी एक, जरा लंगडत. मी सात मोजले. पांढऱ्या पिसाचा नव्हता. मला फार हलकं वाटलं. मी नानांना म्हणाले, "एक तरी गेला."

नानांनी हनुवटीनं बोगद्याकडे दाखवलं. बोगद्याच्या टोकाला, डबा ठेवायची जी जागा होती तिथं, तो कधीचा येऊन बसला होता.

मी शनिवारपर्यंत तिथं होते. काम सोडताना दादा रागावले नाहीत. "शिकलेली माणसं टिकत नाहीत," इतकंच म्हणाले. वही फार्मची होती, ती मी टेबलावर ठेवली.

रविवारी सकाळी नाना माझी बॅग घेऊन फाट्यापर्यंत आले. एस.टी.ला उशीर होता. आम्ही दगडावर बसलो.

"आज चरात कोण आहे, नाना?"

"बसला असंल कुणी. म्या पाठ धरलीया म्हणून सांगितलं."

"उडायची नाहीत ती आज," मी म्हणाले. "मी नाही तर कशी येतील?"

वाऱ्याबरोबर माळाकडून बारीकसा पत्र्याचा आवाज आला. तीनदा. मग शांत. मग तीनदा. मग एक बार, आणि लगेच दुसरा.

"त्यास्नी डबा ठाव हाय, ताई," नाना म्हणाले. "त्या दिशी म्या चुकीचं बोललो."

एस.टी. आली. मी खिडकीशी बसले, नानांनी बॅग वर दिली. गाडी सुटेपर्यंत डबा वाजतच होता, तीनदा, मधे थांबून, पुन्हा तीनदा. जो कोणी वाजवत होता तो बरोबर वाजवत होता. मधे किती थांबायचं तेही मी वहीत सेकंदांत लिहून ठेवलं होतं.